धरलं का पाणी?

गेल्या रविवारी आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर बदलली. जुनी काढली, खालच्या टाकीत नवीन सबमर्सिबल सोडली... आवाज म्हणून नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते अंगठेच अंगठे.

जुनी मोटर म्हणजे छळ होता. रात्रभरात तिच्या पाइपातलं पाणी उतरून जायचं, म्हणून रोज सकाळी आधी तिच्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि मग बटण दाबायचं. सुरुवातीला ती रिकामीच किंचाळायची, पाणी धरलं की आवाज जड व्हायचा. नाशिकच्या थंडीत, साखरझोपेत, मी तिला काय काय बोललोय ते इथे लिहिता येणार नाही.

हे काम तळमजल्यावरच्या आहेर काकांचं. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच अंगावर घेतलं होतं. काकू दाराशी तांब्या भरून ठेवायच्या, काका ओतायचे, आणि आवाज बदलला की बाहेरूनच सांगायचे, "धरलं गं."

मोटर नेमकी त्यांच्या बेडरूमच्या भिंतीला लागून. काकू येताजाता प्रत्येकाला ऐकवायच्या, "डोकं उठवलंय माझं या मोटरीनं, बदला एकदाची." काका नुसते हसायचे.

दिवाळीनंतर काका गेले... झोपेतच. त्या सकाळी मोटर वाजली नाही, आणि मी वर छान उशिरापर्यंत झोपलो होतो. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

मग मोटर माझ्याकडे आली. काकूंच्या दाराशी तांब्या भरलेला असायचा, मी ओतायचो, रिकामा परत ठेवायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीच विषय काढला. काकू आता एकट्या आहेत, निदान त्यांना सुखाची झोप तरी लागू दे... सगळे लगेच हो म्हणाले. काकूंनीही मान हलवली.

सोमवारी सकाळी खाली आलो, बटण दाबलं, झालं काम. वळून बघतो तर दाराशी तांब्या, काठोकाठ भरलेला. सवयीने ठेवला असेल असं वाटलं, म्हणून दार वाजवून सांगितलं की काकू, आता पाणी ओतावं लागत नाही.

"माहिती हाय रे," त्या म्हणाल्या. डोळे सुजलेले होते.

"मोटर वाजली की मी चहा टाकायचे. आवाज बदलला की गाळायचे, तेवढ्यात हे आत यायचे. हे गेल्यावर बी तसंच चाललं होतं... वाटायचं, बाहेरच हायेत. आज काय ऐकूच आलं नाय."

मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत, मी विचारलं.

"काय सांगू? इतकी वर्षं मीच भांडत होते ना तिच्यापायी. आणि तुम्ही पोरं माझ्यासाठीच करत होता."

जुनी मोटर तर एव्हाना भंगारात गेली होती. तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला आणि वर येऊन नुसता बसून राहिलो. आपण चांगलं करायला गेलो आणि त्यांच्यासाठी काका दुसऱ्यांदा गेले... हेच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि काकूंच्या दाराची कडी वाजवली. मी थांबलो, परत वाजवली.

आतून बारीक आवाज आला, "धरलं का?"

नवीन मोटर पाण्यातच असते, तिला धरायचं काही नसतं. "धरलं, काकू," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. त्यांनी अजून मला चहाला बोलावलेलं नाही, आणि बोलवूही नये. ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज बाहेरपर्यंत येतो... आधी एक, मग दुसरा. आता मोटरचा आवाज नाही ना, म्हणून स्पष्ट ऐकू येतं.