इलेक्ट्रिक म्हणजे काय, मॅडम?

शाळेत पोर्शन कधीच पूर्ण होत नाही, किस्से मात्र न शिकवता साठत जातात. मी जव्हारजवळच्या आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. आमचे निम्मे किस्से एकाच शब्दाचे आहेत. इलेक्ट्रिक!

*

सातवीला मी सांगितलं, "इलेक्ट्रिक म्हणजे विजेवर चालणारं. आणि अंगात झिणझिण्या आणणारं, तेही इलेक्ट्रिक. आता वाक्य करा."

मंगल उभी राहिली. "माय ग्रँडमदर इज इलेक्ट्रिक. डू नॉट टच."

मी फुल मार्क दिले. तिच्या आजीला मी भेटलेय!

*

हा शब्द आला कुठून, ते विज्ञानाचे गावित सर रंगवून सांगतात. झाडाचा चीक जमिनीत गाडला जाऊन दगडासारखा झाला, की त्या पिवळ्या राळेला ग्रीक लोक 'इलेक्ट्रॉन' म्हणायचे. ती घासली की काडी-कचरा ओढून घ्यायची. त्यावरून इलेक्ट्रिक.

"म्हणजे सर, वीज झाडातून आली?"

"शब्द आला रे! वीज अजून डहाणूकडच्या तारांतूनच येतेय!"

*

राळ कुठून आणणार? सरांनी कंगवा घेतला. मुलींची डोकी तेलाने चप्प, सरांना टक्कल. शेवटी स्वयंपाकघरातून जनाबाई मावशींना बोलावलं. त्या सकाळीच न्हाल्या होत्या, केस खडखडीत वाळलेले. थंडीचे कोरडे दिवस. कंगवा केसांतून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे टुणकन उडून चिकटले!

"मावशी, तुम्ही इलेक्ट्रिक!" पोरं ओरडली.

"मी? मंग गिरणी बंद असली का माझ्या डोक्यावरच दळा!"

*

कबड्डीची फायनल होती. मोखाड्याची टीम एका गुणाने पुढे. माइक माझ्या हातात. मी भान विसरून ओरडले, "द होल ग्राउंड इज इलेक्ट्रिक!"

माइक बंद पडला. आमचे शिपाई काशिनाथदादा धापा टाकत आले. "मॅडम, मेन स्विच पाडला! कुणाला शॉक तर नाय ना बसला?"

कुणी हसलं नाही. पोरांसाठी तो माणूस चप्पल टाकून धावला होता.

*

काशिनाथदादांचं घर सूर्यमाळच्या बाजूला, एका लांबच्या पाड्यावर. यंदा तिथे खांब पोचले. पहिला बल्ब लागणार म्हणून त्यांनी गावित सरांना आणि मला घरी बोलावलं.

त्यांचे आईवडील भिंतीला टेकून बसले होते. दोघांचा जन्म रानात आणि वीटभट्टीवर गेलेला. दिवसभर डोक्याला फडकं, अंधार पडला की चिमणीचा उजेड. म्हाताऱ्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

दादांनी बटण दाबलं. घर पांढरंशुभ्र झालं. पाड्यावरच्या बाया दारात गोळा झाल्या, टाळ्या वाजल्या.

म्हातारा बल्बकडे बघतच नव्हता. तो म्हातारीकडे बघत होता.

"तुझं केस कवा गं पांढरं झालं?"

"तुला बघाया सवड कवा होती?" ती म्हणाली, आणि पदर पार कपाळापर्यंत ओढला.

म्हातारा लेकाकडे वळला. मग म्हणाला, "काशिनाथ, ते बटन बंद कर."

"का रं बा? आत्ताच तर लागली!"

"लाजतेय ती."