एकतीस यशवंतराव

यशवंतराव जिवंत होते तोवर हरिदासला त्यांची भीती वाटायची. मेल्यावर सवय झाली. उरला औद्योगिक वसाहतीतल्या डिझाइन ऑफिसात त्यांचा कॉम्प्युटर हरिदासकडे आला. त्यातलं नाव कोणी बदललं नाही. दोन वर्षं झाली, तरी हरिदासने केलेल्या प्रत्येक फाइलीखाली ‘शेवटचा बदल : यशवंतराव’ असंच उमटायचं. जिवंत माणसं उशिरा यायची; हे दहाच्या ठोक्याला कामावर.

त्यांची एक खोड होती. कारखान्याच्या आराखड्यात कुठलाही प्लॅटफॉर्म काढला, की ते त्यावर एक माणूस उभा करत. चष्मा, खिशाला पेन, शर्टाची सहाच्या सहा बटणं. हुबेहूब स्वतः. विचारलं की म्हणत, "ज्याले तिथं उभं राहाचं हाये, त्याचं डोकं कुठं आदळते, ते आपून पाहाले नको का बे?"

आज त्यांनीच सुरू केलेल्या एका कारखान्याची बावीस हजार भागांची फाइल उघडायला पंचवीस मिनिटं लागत होती. चार वाजता नव्या रायपुरात ती कारखान्याच्या अनंतराव साहेबांना मंजुरीसाठी दाखवायची होती. त्यांनी मान हलवली, की शेडमध्ये लगेच लोखंड कापायला सुरुवात.

शेजारच्या टेबलावरच्या पायलला मराठी कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. "भैया, बोल्ट के थ्रेड हटा दिए, अंदर के पुर्जे बंद कर दिए. फिर भी भारी है. ये अंकल कौन हैं? इकतीस जगह खड़े हैं. सबसे भारी यही हैं."

"जितेपणीही तसेच होते."

"बंद कर दूँ?"

"हव. कर."

फाइल दोन मिनिटांत उघडली. पायलने टाळी वाजवली. हरिदास मात्र पडद्याजवळ सरकला. रिकामे जिने, रिकामे कठडे; एकतीस जण न सांगता उठून गेल्यासारखे. पाठीशी कोणी उभं आहे असं वाटून त्याने दोनदा वळून पाहिलं. नुसती भिंत. मग त्याने प्लॅटफॉर्म मोजले. बत्तीस भरले.

बत्तिसावा त्याचा स्वतःचा, यशवंतराव गेल्यावर काढलेला. तिथे कधी कोणी उभंच राहिलं नव्हतं.

"पायल, एकाले वापस आन. इथं उभं कर."

यशवंतराव उगवले, आणि धुराचा जाड पाइप त्यांच्या कपाळातून आरपार गेला. खालून चष्म्याच्या दोन काचा सरळ हरिदासकडे पाहत होत्या.

पायलने खुर्ची मागे ओढली. "बाप रे! भैया, फिर से छुपा दो ना. मीटिंग में किसको दिखेगा?"

"दिसनार नाही. लागन."

त्याने अनंतरावांना फोन लावला. "साहेब, आज नाही दाखवत. लोखंडाले हात लावू नका म्हना."

"काहून? अजून फाइलच उघडून नाही राहिली का तुमची?"

"फाइल दोन मिनिटांत उघडते, साहेब," हरिदास म्हणाला. "मानूस मावून नाही राहिला."