पैजेतली अर्धी मिशी

भोरात माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागून न्हावीदादांचं केस कापायचं दुकान. बोलायला लागले की कात्री हवेतच चालायची, गिऱ्हाईक आपलं बसून.

एकदा रेडिओवर भारत आणि ब्रह्मदेशाचा फुटबॉल लागला. वेल्ह्याचे हवालदार फौजेत असताना ब्रह्मदेशात राहिलेले, म्हणून ते तिकडचे, न्हावीदादा भारताचे. दोघांची पैज लागली, हरेल त्याची अर्धी मिशी जायची. सगळी काढली तर बाप गेला असं वाटायचं लोकांना!

भारतानं एक गोल केला. घड्याळात वेळ भरली, तसा न्हावीदादांनी हवालदारांना साबण फासून वस्तरा उचलला.

"अवो थांबा, गडी पडले त्याचा वेळ वाढवून देत्यात," हवालदार साबणातून ओरडले.

"गिऱ्हाईक शिंकलं म्हणून मी दोनदा दाढी करतो व्हय?" म्हणत न्हावीदादांनी त्यांची अर्धी मिशी उडवलीसुद्धा.

तेवढ्यात रेडिओ गरजला, ब्रह्मदेशाचा गोल! सामना बरोबरीत सुटला. कुणीच हरलं नव्हतं.

"आता गावात कुठल्या तोंडानं जाऊ?" हवालदार रडकुंडीला आले.

न्हावीदादांनी वस्तरा पुन्हा उचलला. मग आरशापुढं उभं राहून स्वतःची अर्धी मिशी उतरवली.

"चला, वेल्ह्यापतूर संगं येतो. निम्मं हसणं माझ्या वाटणीला."

आणि वर मला म्हणतात, "वैनी, हसून झालं की दुकानाकडं ध्यान ठेवा."