धुऱ्यावरची साडी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची छाती कुठे आहे माझी?

तळेगावच्या अलीकडे एका तुरीच्या शेतात आमच्या बचत गटाचा फवारणीचा ड्रोन पडला. उडवायचं शिक्षण माझं, रिमोट माझ्या हातात. गटातलीच वंदना समोरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी. तिचं काम एकच — नजर ठेवायची, अडथळा दिसला की ओरडायचं.

आमच्याकडे रोही, रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. उडवण्याआधी चारही धुरे पायी फिरायचे, सैल साड्या सोडून घ्यायच्या, हा आम्हाला शिकवलेला पहिला धडा. मी तीन धुरे फिरले. चौथ्यावर एका साडीचं टोक सुटून फडफडत होतं, ते लांबूनच दिसलं. दिसलं होतं हो मला! पण गाव जमलेलं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, 'बाईच्यानं उडते काय ते?' माझं डोकंच फिरलं. मी ड्रोन वर चढवला.

शेवटच्या ओळीला तो त्या साडीकडे निघाला. आणि वंदना ओरडली — 'थांबवा वो ताई!'

मागे लोकांचा कालवा चालला होता, त्यांना काही कळलं नाही. मी मात्र ऐकलं. स्वच्छ ऐकलं. थांबवायला एक बोट पुरलं असतं. मग का नाही थांबवला? वाटलं, एवढी ओळ होऊन जाईल. एवढ्या लोकांत मध्येच थांबायचं म्हणजे आपल्या हाताने नाक कापून घ्यायचं. तेवढ्यात साडी पंख्यात ओढली गेली, ड्रोन तिरपा झाला आणि सरळ वंदनावर आला. तिने हात आडवा धरला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं, इशारा मिळाला होता का? मी — जरासुद्धा न अडखळता — नाही म्हणाले. वंदना तेव्हा दवाखान्यात होती. तेच मी गटात सांगितलं, गावात सांगितलं. गटाने तिच्या जागी दुसरी बाई घेतली. मी अजून उडवते. नव्या बायका माझ्याकडे शिकायला येतात, मॅडम म्हणतात. भित्री आहे मी, हे त्यांना कोण सांगणार?

दवाखान्यातून सुटल्यावर वंदना माझ्या घरी आली होती. हाताला पट्टी तशीच. म्हणाली, 'मले तं आठवते ताई, का मी ओरडली. पण तुमी म्हणता तं नसन ओरडली. माह्याच्यानं मशीन फुटली. माफ करजा.'

मी तिच्यासमोर चहा ठेवला. आणि तिला माफ केलं.