भ्यायला सोबत

आमच्या अख्ख्या जिल्ह्यात माझ्या रूममेटइतका भित्रा माणूस आजवर झाला नाही, हे मी त्याच्या तोंडावरही सांगत आलो आहे. देवगाव रंगारीचा, सहा फूट उंच, कापसाचं गाठोडं एका हातानं ट्रॉलीत टाकणारा हा गडी औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या वर्गात होता. पुढं आम्ही दोघं जर्मनीला शिकायला गेलो आणि तीन वर्षं एका खोलीत राहिलो. तिथं तो फोडणीलासुद्धा भ्यायचा. छतावरची धुराची घंटा वाजेल म्हणून बाहेर बर्फ पडत असतानाही दोन्ही खिडक्या सताड उघडायचा, मला टॉवेल हलवायला स्टुलावर उभं करायचा आणि मगच तेलात मोहरी टाकायचा. रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. मी पलीकडून हाका मारतोय आणि हा कुडकुडत तिथंच. "तुह्या एकट्याच्या पायी आपल्या समद्या पोरांचे व्हिसे बंद व्हतील," असं त्याचं म्हणणं. बसचं तिकीट तो खिशात ठेवायचा नाही, दोन बोटांत धरून बसायचा. तपासनीस आलाच नाही तर उतरताना स्वतःहून ड्रायव्हरला दाखवून यायचा. सरकारी पाकीट आलं की ते दोन दिवस गणपतीच्या फोटोखाली ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी मी फोडायचं, अशी पद्धत. एकदा त्यात कचरा उचलण्याचं नवं वेळापत्रक निघालं. आपलं नाव त्यात कुठं नाही ना, हे त्यानं दोनदा तपासून घेतलं.

मी हसायचो. इकडच्या मित्रांना फोन करून त्याचे किस्से सांगायचो. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. एका विषयात मी दोनदा नापास झालो होतो, आणि तिथला नियम असा की तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कायमचं कमी. बाबांनी तर शहागंजातल्या ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला माझं कौतुक सांगून ठेवलेलं. तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी मला बुटाची नाडी बांधता येईना. तो खाली बसला, नाडी बांधली आणि वर पाहून म्हणाला, "भ्यालास का रं?"

"हो. खूप." आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं.

"व्हय? बरं झालं बाबा," तो खरोखर सुटल्यासारखा म्हणाला. "मला वाटायचं, मी एकलाच हाय."

परीक्षेच्या इमारतीत पाय ठेवायची त्याची हिंमत झाली नाही, पण तीन तास तो फाटकाबाहेर थंडीत उभा राहिला.

मी नापास झालो. पत्र त्यानंच फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. बाबांना सांगणं माझ्याच्यानं होणार नाही, असं मी म्हणालो तेव्हा त्यालाच घाम फुटला. माझ्या बाबांना तो कॉलेजपासून टरकून होता. तरी त्यानं फोन लावला, तोही उभं राहून.

"काका, तुमचा पोरगा पास झाला नाय. त्याला घरी यायचं भेव वाटायलंय. रागावू नका त्याला, मी हात जोडतो."

बाबा म्हणाले, "तू आहेस ना त्याच्याजवळ? निघेपर्यंत एकटं सोडू नकोस त्याला."

त्यानं मला आंघोळीलाही एकटं सोडलं नाही. दाराबाहेर बसून मोठमोठ्यानं गप्पा मारत राहायचा.

याला बारा वर्षं झाली. मी वाळूजला एका कारखान्यात आहे, बरं चाललंय. तो तिकडं जर्मनीतच नोकरीला लागला. मागच्या हिवाळ्यात त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाला आला होता. परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही हर्सूलच्या तलावावर जाऊन बसलो. मी सहज विचारलं, "अजून भितोस का रे तिकडं?"

"नाय रं. आता कशाचंच भेव वाटत नाय. आधी गावाकडून फोन आला की काळजात धस्स व्हायचं, मायला काय झालं म्हणून. आता गावाकडून फोनच येत नाय."

इतकं शांत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

"मला वाटते भीती," मी म्हणालो.

"कशाची?"

"तू आता परत येणार नाहीस, याची."

तो माझ्या खांद्यावर हात टेकून उठला, आणि गाडीपर्यंत तो हात त्यानं काढला नाही.