धुरकऱ्याच्या पायातली जागा

हबीबनं भरलेल्या दमणीत अकरा वर्षांत लोणच्याची एकही बरणी फुटली नव्हती. ही गोष्ट मलकापुरात दोनच माणसांना मनापासून पटलेली होती, एक खुद्द हबीब आणि दुसऱ्या अन्नपूर्णाबाई. बाकीच्यांना त्यानं ती इतक्या वेळा ऐकवली होती, की ते नुसती मान डोलावून आपापल्या कामाला लागत.

अन्नपूर्णाबाई म्हणजे सरकीवाल्या अर्जुनरावांच्या घरच्या. त्यांचं माहेर चिखलीचं. दर साली आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्या माहेरी जायच्या आणि येताना कैरीच्या लोणच्याची बरणी, पापड, शेवया आणि पितळेची कासंडीभर तूप घेऊन यायच्या. टपाची, दोन बैलांची दमणी, तिचा धुरकरी, म्हणजे हाकणारा, हबीब. मोताळ्याला मुक्काम, मग राजूरचा घाट, मग बुलढाणा, मग चिखली. दोन दिवस जायला, दोन यायला.

सामान भरणं ही हबीबच्या लेखी विद्या होती. जड ते आखावर, म्हणजे गाडी मागं उलळत नाही आणि बैलांच्या मानेवरही बसत नाही. पापडाची टोपली टपाला लटकती. आणि सगळ्यांत नाजूक, सगळ्यांत मोलाची वस्तू धुरकऱ्याच्या दोन पायांच्या मधे. बैल हाताखाली, वस्तू पायाखाली. तुपाची कासंडी आणि चिनी मातीची बरणी आळीपाळीनं त्याच जागेवर बसून अकरा साली चिखलीहून मलकापूरला आल्या होत्या. "माह्या पायातून काई सांडलं तर माह्यी मान कापा," असं तो बाईंना दर वर्षी सांगायचा आणि बाई दर वर्षी हसायच्या.

बाराव्या साली अर्जुनरावांनी मोटार घेतली.

काळी, बंद, चार दारांची. तिच्याबरोबर अमरावतीहून शेषराव नावाचा ड्रायव्हर आला. सव्वीस वर्षांचा, दाढी रोज करणारा, टोपी किंचित तिरपी घालणारा. पहिल्याच दिवशी वाड्यापुढं माणसं गोळा झाली आणि शेषराव एकेक गोष्ट उघडून दाखवू लागला. समोर, ड्रायव्हरच्या शेजारी, झाकणाचा खण. दारांना कातडी खिसे. टपाच्या आतून लावलेली जाळी. मागच्या काचेपाशी गादीमागची फळी. बाहेर, मोटारीच्या पाठीला, उघडझाप होणारी लोखंडी चौकट आणि तिला पट्टे.

हबीब दमणीच्या चाकाला ओंगण देत होता. त्याचा हात थांबला नाही, पण एकही खिसा त्याच्या नजरेतून सुटला नाही. त्याच्या दमणीत खिसा नव्हता. त्याच्या दमणीत खिसा तो स्वतः होता.

"चाचा, या ना," शेषरावनं हाक मारली. "पाहा तरी आतून."

"पाह्यली," हबीब म्हणाला. "पेटी हाय, पेटी. बैल कुठं हायत?"

लोक हसले. शेषरावही हसला आणि तेच हबीबला जास्त झोंबलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर दोन महिने हबीबनं मोटारीकडे सरळ पाहिलं नाही, तिरपं मात्र सारखं पाहिलं. शेषराव कापडानं काच पुसायचा तेव्हा तो बैलांची शिंगं पुसायचा. शेषरावला माजघरातून चहा गेला की तो आपल्या चहातली साखर मोजायचा. "त्याले बशीत बिस्कुट देल्लं," असं त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं.

बिलकिस भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग तुमी बी मांगा ना बिस्कुट."

"बिस्कुटाची गोठ नाही ते."

"मले माहीत हाय कशाची गोठ हाय. चाळीस पार मानूस अन् लेकरावानी जळते."

"मी जळत नाही."

"हाव. धूर चुलीचाच हाय मंग."

आखाजी आठ दिवसांवर आली तेव्हा अर्जुनरावांनी ओट्यावर बसून सांगून टाकलं, "औंदा मोटार जाईल चिखलीले. सकाळी गेलं, दुसऱ्या दिवशी परत. समदं नीट आलं तर मंग दमणी ठेवून करायचं काय? विकून टाकू."

हबीब खाली उभा होता. त्याला वाटलं, मालक पुढं काहीतरी म्हणतील, "तुझं पाहू" किंवा "तू फिकीर करू नको" असं. पण ते पान जमवायला लागले.

अन्नपूर्णाबाई मात्र म्हणाल्या, "हबीब येईल संग. बरणीले मी दुसऱ्याचा हात लावू देणार नाही."

या एका वाक्यावर हबीब आठ दिवस जगला.

चिखलीला ते दुपारच्या आत पोचले. हबीब शेषरावच्या शेजारी पुढं बसला होता. वाटेत त्यानं एकच गोष्ट नीट पाहिली. शेषरावचे पाय सारखे चाळवत होते, खालच्या लोखंडी पट्ट्यांवर कधी हा पाय, कधी तो. आपण बैलाला टाच मारतो तशी सवय असेल, असं त्यानं ठरवलं. विचारलं असतं तर शेषरावनं आनंदानं सांगितलं असतं. म्हणूनच त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना सामान बाहेर आलं. हबीबनं बाह्या सारल्या. पितळेचा तांब्या आणि बाईंचा पानाचा डबा त्यानं मागच्या काचेपाशी फळीवर मांडला. चकचकीत दिसत होतं, बाईंच्या हाताशीही होतं.

शेषरावनं दोन्ही वस्तू अलगद खाली घेतल्या. "चाचा, तिथं जड नोको. मोटार मी थांबवतो, पन तांब्याले कोन सांगीन थांब म्हनून? तो सरळ बाईंच्या डोक्यात येईन."

मग बाईंकडे वळून तो म्हणाला, "बाई, अडकित्ता मांडीवर नका ठेवू. त्या झाकनाच्या खनात ठेवतो अन् झाकन लावतो. लागला की सांगा, गाडी उभी करून देतो." बरणी त्यानं मागच्या बैठकीपुढं, खाली, बाईंच्या पायांशी ठेवली आणि चारी बाजूंनी वळकटी ठोसून तिला हलायला जागाच ठेवली नाही. शेवयांचं पोतं पाठीमागच्या चौकटीवर पट्ट्यानं आवळलं. पापडांची टोपली बैठकीवर बाईंच्या शेजारी. दारांच्या खिशांत फक्त रुमाल आणि पंखा.

हबीब पाहत राहिला. त्याला चूक शोधायची होती. एकही सापडली नाही. बरणी तर त्यानं स्वतः भरली असती तरी यापेक्षा घट्ट बसली नसती, आणि हे कळण्याइतका तो जाणता होता, हेच त्याचं दुखणं.

"किती शिस्तीचं पोरगं आहे!" बाईंच्या आई दारातून म्हणाल्या.

अन्नपूर्णाबाईंनीही मान हलवली. त्या हलण्यानं हबीबची अकरा वर्षं एका झटक्यात उंबऱ्याबाहेर गेली. बरणी फुटावी अशी दुवा त्याच्या ओठापर्यंत आली. त्यानं जीभ चावली आणि "तोबा" म्हणाला.

शेवटी राहिली तुपाची कासंडी. बाईंच्या आईंनी ती हबीबच्याच हाती दिली. "हे तुझ्याकडं, बाबा. नेहमीसारखं."

हबीब ती पायांत धरून पुढं बसला. ऊन चढत होतं. तूप पातळ झालेलं, पितळ तापलेलं. शेषराव गुणगुणत मोटार हाकत होता. हाकत म्हणजे काय, बसला होता. त्याच्या पायांत ना बरणी, ना कासंडी. धुरकऱ्याची जागा त्याची आणि ओझं मात्र दुसऱ्याच्या पायांत! हा कसला धुरकरी?

बुलढाण्याला शेषराव इंजिनात पाणी भरायला उतरला. बाई एका ओळखीच्या घरी पाच मिनिटं टेकल्या. हबीब एकटाच मोटारीत. त्यानं डावीकडची, म्हणजे स्वतःची, जागा पाहिली आणि मग उजवीकडची पाहिली. ड्रायव्हरच्या बैठकीखाली चांगली पोकळी होती, अंधारी, थंड. कासंडी जणू त्या मापाचीच.

वाईट त्याच्या मनात नव्हतं. एवढंच होतं, की धुरकऱ्याचं ओझं धुरकऱ्यानं वाहावं. शिवाय कासंडीला त्याहून पक्की जागा जगात नाही, हे तो अकरा वर्षं पाहत आला होता. त्यानं कासंडीच्या तोंडाचं फडकं आवळलं, ती आत सरकवली आणि हात झटकून बसला. शेषराव आला, बसला, मोटार सुरू झाली. आपले पाय मोकळे आणि त्याचे नाहीत, याचं हबीबला घाटापर्यंत सुख वाटत होतं.

राजूरच्या घाटात उतार लागला. दुसऱ्या वळणावर काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. शेषरावनं पाय दाबला. पट्टी अर्ध्यातच अडली.

"चाचा," तो म्हणाला. आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "माह्या पायाखाली काय हाय?"

हबीबनं वाकून पाहिलं. कासंडी पट्टीच्या खाली जाऊन बसली होती, पाचर मारल्यासारखी. तेव्हा त्याला कळलं, की ते पाय बैलाला टाच मारत नव्हते. ते पाय हाच लगाम होता.

"ओढा!"

तो आडवा पडला, ओढू लागला. हात तुपानं निसरडे झाले. समोर दरीकडचं वळण होतं. शेषरावनं हाताचा ब्रेक खेचला आणि मोटार दुसऱ्या अंगाला, डोंगराच्या अंगावर घातली. पत्रा दगडाला घासत किंचाळला. चार-पाच हात तशीच गेली आणि थांबली.

मग मागून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला, "काय झालं रे?" त्यांना खरचटलंही नव्हतं. बरणी वळकटीत जशीच्या तशी. मागच्या फळीवर तांब्या असता तर काय झालं असतं, हे हबीबनं मनात येऊ दिलं नाही, तरी आलं.

शेषरावनं कासंडी काढली, चेपलेली आणि अर्धी रिकामी. ती त्यानं हबीबच्या हातात दिली. एकदा त्याच्याकडे पाहिलं. तुपानं माखलेली पट्टी कापडानं कोरडी केली, दोनदा दाबून पाहिली आणि मोटार पुन्हा रस्त्यावर घेतली. मलकापूरपर्यंत तो गुणगुणला नाही.

वाड्यापुढं अर्जुनराव उभेच होते. घासलेला पत्रा आणि वाकलेला मडगार्ड पाहून त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय केलं बे?"

"ब्रेक लागला नाही, मालक," शेषराव म्हणाला.

"लागला नाही म्हंजे? अरे, आमचं मानूस आत होतं! मोटार पाहून मंग निघता येत नव्हतं?"

"चूक माह्यीच हाय. बसायच्या आंधी पायाखालचं पाहाले पायजे होतं. नाही पाह्यलं."

"मंग उद्यापासून येऊ नको," अर्जुनराव म्हणाले. "अमरावतीले जाय परत."

हबीब मोटारीच्या पलीकडं कासंडी धरून उभा होता. गेले दोन महिने जे मागितलं ते हे समोर आलं होतं, आयतं, मालकांच्याच तोंडून. एवढं गप्प राहिलं की झालं. दमणी राहील, आखाजी राहील, बाईंची मान पुन्हा आपल्याकडं हलेल. बिस्कुटसुद्धा.

पण शेषराव मान खाली घालून उभा होता आणि त्यानं हबीबचं नाव घेतलं नव्हतं. बाई त्याच्याकडे कळवळून पाहत होत्या. ओट्यावरचा मुनीम पाहत होता. हबीबला पुन्हा तेच झोंबलं, पहिल्या दिवसासारखं. सामान भरण्यात हा वरचढ, मोटार थांबवण्यात वरचढ, आणि आता इमानातही? जन्मभर याच्या उपकाराची कासंडी पायांत धरून बसायचं?

"मालक," तो म्हणाला, "कासंडी म्या ठेवली त्याच्या पायात. त्याले न सांगता."

"तू?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "काऊन रे?"

खरं कारण सांगायला त्याची जीभ उचलली नाही. "दमनीत ठेवतो तशी ठेवली. हे पट्ट्या काय करते ते मले माहीत नव्हतं."

"इचारता येत नव्हतं?"

"येत होतं, बाई."

अर्जुनरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी निकाल दिला. शेषराव राहील. दमणी विकायची. हबीबनं बैल घेऊन जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, जायचं, कापसाच्या गाडीवर. बाईंनी मधे पडायला तोंड उघडलं आणि मिटलं. हबीबला ते दिसलं. त्यांनी रागावून बोलावं असं त्याला वाटत होतं, पण त्या नुसत्या कासंडी घेऊन आत गेल्या.

घरी बिलकिसनं सगळं ऐकून घेतलं. "खरं बोलले ते चांगलं केलं," ती म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता.

"चांगलं-बिंगलं काई नाही. त्याले मोठा होऊ द्याचा नव्हता मले."

बिलकिस पदर तोंडाला लावून हसली. "या अल्ला! जळून जळून खरं बोलनारा मानूस म्या आज पाह्यला. धुवा हात, जेवा."

पुढं सोळा वर्षं हबीब जिनावर होता. त्यानं भरलेली कापसाची गाडी कधी रस्त्यात सुटली नाही, आणि नव्या गाडीवानांना तो भरण शिकवायचा, शिव्या देत. आखाजीला मोटार चिखलीला निघायची तेव्हा तिचा रस्ता जिनावरूनच जात असे. शेषराव भोंगा वाजवायचा, दोनदा, ओळख म्हणून. हबीब मान वळवायचा नाही. दमणीचे ते दोन जुने बैल मात्र, होते तोवर, तो आवाज ऐकला की हमखास रस्त्याकडे पाहायचे, आणि मग हबीब त्यांना मनापासून शिव्या द्यायचा.