बिनस्टेप्सचं उत्तर

मी मुळातच संशयी. सिडनीतल्या एका युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, अर्थशास्त्र शिकवायला लागल्यापासून तर जास्तच. पुण्यात शाळेपासून डोक्यात बसलेलं: उत्तर बरोबर आणि स्टेप्स नाहीत, म्हणजे शेजारच्याचं बघितलंय.

त्या सेमिस्टरला असाइनमेंटमध्ये एक गणित होतं. गावात एकच बेकरी, तर नफा सर्वांत जास्त व्हायला पावाची किंमत किती ठेवावी? बाकीच्यांनी डेरिव्हेटिव्ह काढून पानंच्या पानं भरली होती. एका मुलीने नुसती बरोबर किंमत लिहून खाली तिथेच का थांबायचं याच्या दोन ओळी खरडल्या होत्या. कुठेतरी पाणी मुरतंय, मी म्हटलं. एआयकडून लिहून घेतलं असतं तर स्टेप्स भरभरून असत्या, म्हणजे कुणा मित्राचंच. तिला बोलावलं. नाशिकची निघाली.

"कुणाचं पाहिलंस?" मी सरळच विचारलं.

"कुणाचं नाही सर, शप्पथ. एकेक प्राइस लावून बघितली. एक पाव जास्त खपवायला भाव उतरवला, की आधी जे जास्त देत होते त्यांनाही स्वस्तच द्यावा लागतो ना. म्हणून एका पॉइंटला थांबायचं. पेंडल हिलच्या दुकानात माझी दुपारची, आर्व्होची शिफ्ट असते, तिथे समोशांचं हेच होतं."

"डेरिव्हेटिव्ह काढून दाखव."

तिला ते जमेना. "सर, यात फेल झाले तर आख्खा विषय रिपीट, विझापण वाढवावा लागेल." ती रडकुंडीला आली होती, तरी मला ते नाटकच वाटलं. खात्री करायला मी ट्यूटोरियलमध्ये बाकीच्यांना विचारलं, बेकरीवाला याच किमतीला का थांबतो? "डेरिव्हेटिव्ह झिरो होतं म्हणून," सगळ्यांचं एकच उत्तर. पण म्हणजे काय, असं विचारल्यावर सगळ्यांनी तेच डेरिव्हेटिव्ह पुन्हा काढून दाखवलं.

आता संशय मला माझ्याच शिकवण्याचा यायला लागला. पण मार्किंग गाइडमध्ये दहापैकी आठ मार्क पद्धतीला होते, आणि गाइडवर बोट ठेवणं सोपं असतं. मी तिला दोन दिले. तेवढ्याच थोड्या मार्कांनी ती विषयात नापास झाली. कोऑर्डिनेटरकडे जाऊन भांडायला हवं होतं. गेलो नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या सेमिस्टरला ती पुन्हा माझ्याच वर्गात होती. तसंच गणित आलं. तिने प्रत्येक स्टेप नेटकी मांडली होती आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. का थांबायचं, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी पान उलटून मागेही बघितलं, आणि दहापैकी दहा दिले.